वळिवात बुलबुलचं घरटं पडलं, दोन पिल्लं खाली आलीत. काय करू?

कृष्णाकाठ (कराड), सकाळी ७:१०

काल रात्री आमच्याकडे गारांचा वळीव झाला. कुंपणाच्या भिंतीवरचा कृष्णकमळाचा वेल जाळीसकट खाली आला आणि त्यातलं बुलबुलचं घरटं फाटलं. सकाळी पाण्याच्या टाकीमागे दोन पिल्लं सापडली. डोळे उघडे आहेत. नीट पिसं अजून आलेली नाहीत, पंखांवर निळसर सुयांसारखं काहीतरी उगवलंय, पोट उघडंच आहे. एक तरतरीत आहे, खोक्याला धक्का लागला की आ करतंय. दुसरं हाताला गार लागतंय आणि मान टाकून बसलंय. जखम कुणालाच दिसत नाही. सध्या जुना टी-शर्ट घालून बुटाच्या खोक्यात ठेवलीत.

सासूबाई म्हणतात, माणसाने शिवलं, आता आई जवळ करणार नाही. शेजारच्या काकू म्हणतात, दुधात पोळी कुस्करून कापसाने पाज. मुलाला ती घरातच वाढवायची आहेत. दोन मोठे बुलबुल विजेच्या तारेवर बसून सारखे ओरडतायत, ते आईबाप असतील का? गल्लीत बोका आहे, त्यामुळे बाहेर ठेवायचा धीर होत नाही. अजून त्यांना काहीच दिलेलं नाही. कुणीतरी लवकर सांगा.

पिंपळपान (वाई), सकाळी ७:२२

दूध-पोळी नको, पाणीही पाजू नका. आधी ऊब द्या. सुगरणताई पिल्लांचं काम करतात, त्यांना फोन करून इकडे बोलावतो.

सुगरण (पुणे), सकाळी ७:४०

ताई, तारेवर ओरडतायत तेच आईबाप. बुलबुलमध्ये नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे दोघेही तिथेच आहेत असं धरा. तुमची पिल्लं पोरकी नाहीत, त्यांचं घर तेवढं गेलंय, आणि घर आपल्याला करून देता येतं.

आत्ता लगेच ऊब. प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, जाड फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे फार ऊन लागलं तर पिल्लांना बाजूला सरकता येईल. दोघांना एकमेकांना चिकटून ठेवा. वर झाकण, त्याला भोकं. मुलांना सांगा, सारखं उघडून बघायचं नाही. गार पडलेल्या पिल्लाला काहीही भरवू नका. अंगात ऊब नसेल तर पोटात गेलेलं पचत नाही, आणि चांगल्या हेतूने भरवलेला घासच जीव घेतो.

पाण्याबद्दल पिंपळपान म्हणाले ते अगदी बरोबर. पिल्लाच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. ड्रॉपरने किंवा कापसाने टाकलेला थेंब थेट फुप्फुसात जातो. मी इथे एका उपचार केंद्रात पिल्लांच्या खोलीत काम करते. मे ते जुलै आमच्याकडे खोके येतच राहतात आणि त्यात चोच उघडी ठेवून, घरघर आवाज करत श्वास ओढणारी पिल्लं असतात. बहुतेकांना कुणीतरी मायेने पाणी पाजलेलं असतं. बुलबुलच्या पिल्लाला पाणी अळ्यांतून आणि फळांतूनच मिळतं. दूध पक्ष्यांना पचत नाही.

आता घरटं. अर्ध्या किलोचा श्रीखंडाचा डबा घ्या. खिळा तापवून तळाला पाच-सहा भोकं पाडा, पावसाचं पाणी साचता कामा नये. जुन्या घरट्याचं जे काही उरलं असेल ते आत घाला, कमी पडलं तर वाळलेलं गवत आणि नारळाची शेंडी. हिरवं गवत नको, ओल धरतं. कापूस आणि दोरेही नकोत, नखं अडकतात. तळ गुळगुळीत राहिला तर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात, म्हणून मधे खोलगट वाटीसारखं करून नीट दाबून बसवा.

डबा सुतळीने बांधा, जुन्या जागेच्या जितका जवळ जमेल तितका. वेल पडला असेल तर शेजारचं झाड, खिडकीचा गज, काहीही चालेल. तुमच्या डोक्याच्या वर हवा, आणि दुपारचं ऊन थेट येणार नाही असा, कारण मेमधलं ऊन या उघड्या पोटांना तासाभरात भाजून काढेल. बोक्याला चढता येईल अशी फांदी, भिंत, पायरी जवळ नको.

पिल्लं उबदार झाली की डब्यात ठेवा आणि घरात जा. पडद्याआडून बघा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हाताच्या वासाने पक्षी पिल्लू टाकत नाहीत, ते आपलं पिल्लू जागेवरून आणि आवाजावरून ओळखतात. मला वाटतं हा समज असा पडला असावा: माणूस पिल्लाजवळ काळजीने उभा राहतो, माणूस आहे म्हणून आईबाप खाली उतरत नाहीत, आणि बघणाऱ्याला वाटतं, शिवल्यामुळे टाकलं. आपण तिथून हललो की ते येतात.

तासाभरात यायला हवेत. दोन तासांत एकदाही आले नाहीत तर इथे लिहा.

मोरपीस (बेळगाव), सकाळी ८:१५

पण आईबाप नाहीच आले तर घरी वाढवायला काय हरकत आहे? आमच्याकडे अशीच पडलेली मैना होती, सातूच्या पिठावर वाढवली. आज तीन वर्षांची आहे, खांद्यावर बसते, हाक मारली की येते. आम्ही जीव लावलाय तिला.

सुगरण, सकाळी ८:४०

दादा, तुम्ही जीव लावलात, त्याबद्दल मला शंका नाही. तरी स्पष्ट सांगते. डोळे उघडल्यावर जे भरवतं त्यालाच पिल्लू आपलं समजतं. तुमची मैना माणसाच्या खांद्याला झाड समजते. तिला इतर मैनांची बोली येत नाही, शिकऱ्याची सावली पडली की दडायचं कळत नाही, जोडीदार मिळत नाही. आता एकदम सोडलीत तर ती आठवडाभर टिकेल असं मला वाटत नाही, म्हणून तसं सोडू नका. वन विभागाशी बोला, पुढे काय करायचं ते अशा पक्ष्यांची सवय असलेल्या माणसांनी ठरवू दे. मैना, राघू, बुलबुल हे रानपक्षी घरात पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, हेही सांगायला हवं.

आणि हाताने वाढवणं म्हणजे काय, ते आमच्या खोलीत येऊन बघावं. बुलबुलएवढ्या पिल्लाला उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर अर्ध्या तासाने घास लागतो, त्याहून लहान असेल तर वीस मिनिटांनी. बोथट चिमट्याने, चोच उघडेल तेव्हाच, आणि प्रत्येक घासानंतर मागून पांढरी पिशवीसारखी विष्ठा येते ती उचलायची. आईबाप ती चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. अळ्या, उकडलेलं अंडं, भिजवलेलं मांजराचं खाणं, कॅल्शियम असं सगळं मोजून द्यावं लागतं. नुसत्या पिठावर हाडं मऊ राहतात आणि पाय वाकडे होतात. शिवाय प्रत्येकाची रीत वेगळी. होल्याचं पिल्लू आ करतच नाही, ते आईबापाच्या तोंडात चोच घालून पितं. ज्याला हे माहीत नसतं तो दिवसभर घास पुढे धरून बसतो आणि पिल्लू उपाशी राहतं. हे सगळं करूनही आम्ही त्याला अळी शोधायला शिकवू शकत नाही. ते फक्त ती तारेवरची दोघं शिकवतात.

खाडीकाठ (ठाणे), सकाळी ९:३०

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या सोसायटीत कावळ्याचं पिल्लू खाली पडलंय आणि इतर कावळेच त्याला टोचतायत. काळपट आहे, पण अंगावर पांढरे ठिपके आहेत.

सुगरण, सकाळी ९:४५

ठिपके आहेत म्हणजे ते कोकिळेचं पिल्लू आहे. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, कावळे ते पिल्लू वाढवतात, आणि ते बाहेर येऊन वेगळ्या आवाजात ओरडायला लागलं की बरेचदा आसपासचे कावळे त्याच्यावर तुटून पडतात. तिथे परत ठेवण्यात अर्थ नाही. छत्री उघडून जा, नाहीतर तुम्हालाही टोचतील. टॉवेल टाकून उचला, झाकणाच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि १९२६ ला फोन लावा. वन विभागाचा हॅलो फॉरेस्ट क्रमांक आहे, महाराष्ट्रात कुठूनही लागतो.

कृष्णाकाठ, सकाळी ११:०५

ताई, आले! डबा आम्ही पडवीच्या गजाला बांधला, वेलाच्या जागेपासून पाच-सहा पावलांवर. आधी दोघं पन्हळीवर बसून नुसतं बघत होती. मग एक डब्याच्या कडेवर उतरलं, चोचीत हिरवी अळी होती. सासूबाईच पडद्याआड उभ्या होत्या, त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून सारख्या फेऱ्या चालू आहेत.

पण दुसरं पिल्लू आ करत नाही. ऊब दिल्यावर मान उचलली, तरी सगळे घास पहिल्यालाच जातात. ते उपाशी मरेल का?

सुगरण, सकाळी ११:१५

मरू शकतं. आईबाप सगळ्यात मोठा आ करणाऱ्याला आधी भरवतात. यात निष्ठुरपणा नाही, त्यांची रीतच तशी आहे. धडधाकट पिल्लाला हात लावू नका, त्याचं उत्तम चाललंय. अशक्त पिल्लू काढून पुन्हा बाटलीजवळ ठेवा. पोटाला सूज, निळा डाग, एखादा पाय लुळा असं काही दिसतंय का बघा, गारेचा मार आतून लागलेला असू शकतो. १९२६ ला फोन करा, सोबत जवळच्या पशुवैद्यांनाही विचारा. बोक्याच्या तोंडी लागलं असेल अशी थोडी जरी शंका असली तरी वैद्यांना आवर्जून सांगा. मांजराच्या लाळेतल्या जिवाणूंमुळे वरून जखम न दिसणारं पाखरूसुद्धा दोन दिवसांत दगावतं, त्याला अँटिबायोटिक लगेच लागतं.

कृष्णाकाठ, संध्याकाळी ६:५०

वैद्यांनी पाहिलं. उजव्या पंखाखाली मार आहे, हाड मोडलेलं नाही. त्यांनी औषध दिलं, दुपारी वनरक्षक येऊन पिल्लू घेऊन गेले, उद्या ते पुढे केंद्रात पाठवणार आहेत. निघताना त्याने एकदा आ केला. मुलगा रडला, पण खोका त्यानेच त्यांच्या हातात दिला.

आता डब्यातल्या पिल्लाचं रात्री काय करू? घरात घेऊ का? आणि हे किती दिवस चालेल?

सुगरण, संध्याकाळी ७:२०

घरात घेऊ नका. या वयात रात्री आई बऱ्याचदा पिल्लावर येऊन बसते, तुम्ही डबा काढलात तर ती रिकाम्या गजाशी येईल. रात्री भरवायचं नसतंच, आईबापही भरवत नाहीत. पुन्हा वळिवाची चिन्हं असतील तर डब्यावर वीतभर उंच पत्रा किंवा फळी तिरकी बांधा, बाजू मोकळ्या राहू देत. हे आत्ताच करा, अंधार पडल्यावर तिथे वावर नको.

बुलबुलची पिल्लं अंड्यातून आल्यावर साधारण बारा-तेरा दिवसांत घरटं सोडतात. सुया आहेत म्हणजे तुमचं अर्ध्यावर आलंय. एक गोष्ट आत्ताच घरात सगळ्यांना सांगून ठेवा: ते नीट उडता यायच्या आधीच डब्यातून उडी मारेल. आखूड शेपटी, अंगभर पिसं, जमिनीवर टुणटुण उड्या. तेव्हा काकू पुन्हा म्हणतील, पडलं, उचला. उचलू नका. तेव्हाही आईबाप झुडपात बसून त्याला भरवत असतात, आणि आमच्या खोलीत येणारी कितीतरी पिल्लं अशी धडधाकट घरातून उचलून आणलेली असतात. अगदी रस्त्यावर गेलं तरच उचलून जवळच्या दाट झुडपात ठेवा, आणि लांब व्हा.

तेवढे दोन-तीन दिवस बोक्याचं बघा. गल्लीत त्याला कोण खायला घालतं ते शोधा आणि विनंती करा, सकाळ-संध्याकाळ तुमच्या कुंपणापासून लांब, भरपेट घाला. पडलेला वेल लगेच तोडून टाकू नका, लपायला तीच जागा आहे. जाळी मात्र आजच काढा, तिच्यात पाय अडकतात.