आंबोली घाटात काचेवर वाफ आणि हीटरमधून गार वारा: हीटर कोर तुंबलाय का?

वेंगुर्ल्याचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, १,१२,००० किमी झालेत. आईच्या तपासणीसाठी दर महिन्याला वेंगुर्ल्याहून बेळगावला जावं लागतं. गेल्या आठवड्यात घाटाच्या पायथ्याची दाणोली मागे पडली आणि पाऊस, धुकं एकदमच आलं. काचेवर आतून वाफ धरली. हीटरचा नॉब लाल खुणेपर्यंत फिरवला, पंखा चारवर टाकला, तरी वारा गारच. एसी लावला की काच स्वच्छ होते, पण आईला तो गारठा सोसत नाही. ती शेजारी बसून रुमालाने काच पुसत होती आणि मी प्रत्येक वळण जीव मुठीत धरून घेत होतो. तापमानाचा काटा मात्र नेहमीसारखा मधोमध.

दोन गोष्टी सांगून ठेवतो. दीड वर्षापूर्वी रेडिएटर ठिबकायला लागला, तेव्हा रस्त्यात एका जीपवाल्याने दोन चमचे हळद टाकायला सांगितली. गळती थांबली. पुढे रेडिएटर नवा घातला, पण मधले तीन-चार महिने घरच्या विहिरीचं पाणी भरत होतो. विहीर किनाऱ्यालगत, मे महिन्यात पाणी मचूळ होतं. गॅरेजमध्ये म्हणतात, डॅशबोर्ड उतरवून हीटर कोर, म्हणजे ज्यातून इंजिनचं गरम पाणी फिरून आतली हवा तापते तो भाग, बदलावा लागेल. त्याआधी काही करून बघता येईल का?

डिझेल_मिस्त्री_कुडाळ

दादा, डॅशबोर्डला इतक्यात हात लावू देऊ नका. एकदा सगळे क्लिप उघडले की खडखड आयुष्यभर जात नाही.

आधी गाडी वीसेक मिनिटं चालवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून. मग इंजिन बंद करून बॉनेट उघडा. इंजिनच्या मागच्या पत्र्यातून डॅशबोर्डकडे अंगठ्याएवढे दोन रबरी पाईप जातात. ते जपून चाचपा. दोन्ही चटका देत असतील तर कोर मोकळा आहे, आतली हवेची झडप फिरत नसेल. एक चटका देतो आणि दुसरा कोमट, तर कोर तुंबलाय, किंवा तुमच्या गाडीत हीटरचा कॉक असेल तर तो अडकलाय. दोन्ही कोमट असतील तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी आहे किंवा पाईपांत हवा धरलीय.

तुमची हकिगत वाचून मला तरी कोरच वाटतो. हीटर कोर म्हणजे छोटा रेडिएटर, पण नळ्या बारीक. हळद पाण्यात विरघळत नाही. ती गरम पाण्यात फुगते आणि भेगेत जाऊन बसते, तशीच या नळ्यांतही बसते. तुम्ही रेडिएटर बदललात, पण इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि कोरमध्ये उरलेली हळद तिथेच राहिली. त्यात मचूळ पाणी. क्षार ॲल्युमिनियम खातात, लोखंडी भाग गंजतो आणि तो सगळा गाळ अरुंद जागी साचतो. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी पहिलं हेच विचारतो, "पाणी खयचा घातलास?"

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कामाला लागा. दोन्ही पाईप काढा आणि परतीच्या पाईपमधून, म्हणजे उलट दिशेने, बागेच्या नळीने हळू पाणी सोडा. जोर लावू नका, जुना कोर फुटला तर पाणी थेट पायाशी येईल. गढूळ यायचं थांबेपर्यंत आलटून पालटून दोन्ही बाजूंनी करा. शेवटचं धुणं मात्र डिस्टिल्ड पाण्याचं, बॅटरीत घालतो तेच.

घाटमाथा_ते_बंदर

मिस्त्रींशी सहमत. एकच भर: कोणी ॲसिड घालून धुवायला सांगितलं तर ऐकू नका. ॲल्युमिनियमच्या कोरला ते भोक पाडतं. आणि आईंच्या गारठ्याचं म्हणाल, तर हीटर चालू झाला की एसी आणि हीटर एकत्र लावा, हवा बाहेरून घ्या. एसी हवेतला दमटपणा काढतो, हीटर तीच हवा ऊबदार करतो. पावसाळ्यात घाट चढताना मी हेच करतो.

वेंगुर्ल्याचा_वाटसरू

रविवारी केलं. एक पाईप हात ठेववेना इतका गरम, दुसरा नुसता कोमट. उलट पाणी सोडल्यावर आधी चहासारखं पाणी आलं, मग पिवळसर कण आणि चिखलासारखी लाल पूड. बादलीच्या तळाशी बोटभर साचली. तिसऱ्या फेरीला पाणी स्वच्छ झालं. आता वारा गरम येतो. कूलंट कुठलं घालू? दुकानात हिरवं, लाल, निळं सगळंच आहे.

डिझेल_मिस्त्री_कुडाळ

छान केलंत. रंगावर जाऊ नका, गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घ्या. वेगवेगळे प्रकार मिसळले तर काही वेळा आत जेलीसारखा गोळा होतो आणि कोर पुन्हा बंद. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी. तयार मिश्रण मिळालं तर त्यात पाणी घालू नका. भरताना हीटर गरमवर ठेवा आणि गाडीचं तोंड चढाला करा, म्हणजे हवा निघते.

पुस्तकात दिलेल्या मुदतीला कूलंट बदलाच. रंग चांगला दिसला तरी त्यातली गंज रोखणारी द्रव्यं संपलेली असतात. कूलंटच्या झाकणाचं रबरही बघा, चिरलेलं असेल तर नवं झाकण घाला. गरम असताना ते उघडू नका. घाटात कमी पडलंच तर गाडीत डिस्टिल्ड पाण्याचा कॅन असू द्या, विहिरीवर जायची वेळ येणार नाही.

आणि ती बादली परसात ओतू नका. कूलंट गोड लागतं, पण विषारी असतं. कुत्रं, वासरू चाटतं आणि त्याच्या जिवावर बेततं.

वेंगुर्ल्याचा_वाटसरू

बादली झाकून गॅरेजमध्ये नेऊन दिली. शुक्रवारी आईला घेऊन पुन्हा आंबोली चढायचीय. आल्यावर काच कशी राहिली ते इथेच लिहितो.