वेस्टन यांच्या ढोबळ्या मिरचीतला प्रकाश

प्रश्न

एडवर्ड वेस्टन यांनी ऑगस्ट १९३० मध्ये कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे टिपलेले ‘पेपर नंबर ३०’ (‘पेपर’ म्हणजे ढोबळी मिरची) हे छायाचित्र जाणकारांनी पाहिलेच असेल. त्यात एक वेडीवाकडी ढोबळी मिरची आहे, पण तिच्या प्रत्येक वळणावर प्रकाश असा फिरतो की पृष्ठभाग घडवलेल्या शिल्पासारखा भासतो. मी खिडकीतल्या उजेडात अशी छायाचित्रे घेतो, तेव्हा एक बाजू पांढरी पडते, दुसरी काळोखात बुडते आणि मागचा भाग धूसर राहतो. वेस्टन यांनी हे नेमके कसे साधले असावे?

प्रतिसाद १

उत्तराचा मोठा भाग एका साध्या वस्तूत आहे. आधीच्या प्रयत्नांनी समाधान न झाल्याने वेस्टन यांनी ही मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात आडवी ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या गोल भिंतींवरून नैसर्गिक उजेड परावर्तित होऊन मिरचीवर सर्व बाजूंनी येतो, त्यामुळे सावलीच्या बाजूलाही आकाराचे तपशील टिकतात आणि पार्श्वभूमी मात्र गडद राहते. आपण खिडकीच्या समोरच्या बाजूला सपाट पांढरा पुठ्ठा ठेवत असाल, तर तो एकाच दिशेने प्रकाश परत पाठवतो. त्याऐवजी वाकवलेला पत्रा वापरून पाहावा. शिवाय मिरचीची निवडही महत्त्वाची आहे, कारण गुळगुळीत, नियमित आकाराच्या मिरचीवर प्रकाशाला वळायला फारसे काही मिळत नाही.

प्रतिसाद २

धूसरपणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. वेस्टन ८ × १० इंचांच्या निगेटिव्हचा कॅमेरा वापरत. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर मिरची जवळपास मूळ आकाराएवढी उमटवायची, तर एकाच वेळी स्पष्ट दिसणारी खोली अगदी थोडी उरते, म्हणून ते भिंगाचे छिद्र अतिशय लहान करीत आणि उजेड मिनिटांच्या हिशेबात येऊ देत. इतक्या लहान छिद्रामुळे प्रकाशाचे विवर्तन (छिद्राच्या कडांपाशी प्रकाश पसरणे) होऊन चित्र किंचित मऊ पडते, परंतु ते निगेटिव्ह मोठे न करता कागदावर थेट टेकवून प्रत काढत असल्याने तो मऊपणा डोळ्यांना जाणवत नाही. आपला डिजिटल सेन्सर लहान आहे आणि त्यावरील चित्र पुढे कितीतरी पट मोठे होते, म्हणून छिद्र फार लहान करण्याऐवजी फोकस थोडा थोडा सरकवत अनेक छायाचित्रे घ्यावीत आणि ती संगणकावर जोडावीत. कॅमेरा तिपाईवर पक्का हवा, हे वेगळे सांगायला नको.

प्रतिसाद ३

तंत्र बरोबर आहे, पण माझ्या मते नजर त्याहून मोठी गोष्ट आहे. १९२७ मध्ये हेन्रिएटा शोअर यांनी रंगवलेले शंख पाहून वेस्टन शंखांकडे वळले, आणि तिथून मिरच्या, कोबीची पाने असा प्रवास झाला. मिरच्या तर ते अनेकदा टिपत राहिले. त्यांपैकी काही छायाचित्रकार सोन्या नोस्कोवियाक यांनी त्यांच्यासाठी आणल्या होत्या. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात हे दोघे, इमोजेन कनिंगहॅम, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि इतर काहीजण ‘ग्रुप एफ/६४’ (एफ/६४ हे भिंगाच्या अतिशय लहान छिद्राचे माप) या नावाने एकत्र आले, तेव्हा धूसर, चित्रसदृश छायाचित्रांना त्यांचा विरोध स्पष्ट होता.

या मिरचीत अनेकांना मानवी देह दिसतो. त्यात लैंगिक अर्थ शोधणे वेस्टन यांना मान्य नव्हते, आणि मलाही त्यांचे म्हणणे पटते. देहाशी साम्य शोधत बसलो की मिरचीच्या देठाजवळचा खोलगटपणा, तिच्या सालीवरची चमक आणि एका वळणातून दुसरे वळण कसे निघते हे पाहायचेच राहून जाते. त्याच काळात बर्लिनचे कार्ल ब्लॉसफेल्ट वनस्पतींचे देठ, कळ्या आणि कोंब कित्येक पट मोठे करून दाखवत होते, आणि १९२८ मध्ये त्यांचा संग्रह पुस्तकरूपाने आला. त्यांचा हेतू कलेच्या विद्यार्थ्यांना नमुने देण्याचा होता, म्हणून त्यांची चित्रे साध्या पार्श्वभूमीवर सम प्रकाशात आहेत. वेस्टन यांना मात्र प्रकाशाने आकार घडवायचा होता. आपल्याला यांपैकी काय हवे आहे ते आधी ठरवले, तर खिडकीची दिशा आणि पत्र्याची जागा ठरवणे सोपे जाईल.