मदत हवी आहे: बोंडअळी बीटीला जुमानत नाही, मग नॉन-बीटीच्या ओळी लावून काय साधणार होतं?

शाळामास्तरीण:
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात दहावीला विज्ञान शिकवते. सध्या 'आनुवंशिकता व उत्क्रांती' चालू आहे. वर्गातली बरीचशी पोरं कापूसवाल्यांच्या घरची, म्हणून नैसर्गिक निवडीला जिराफाच्या मानेऐवजी गुलाबी बोंडअळी घेतली. २००२ मध्ये एका जनुकाचं बीटी (अळीला मारणारं विष झाडातच बनवणारा कापूस) आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं. २०१७ च्या हंगामात मात्र दोन जनुकंवाल्या बीटीचीही बोंडं पोखरली गेली. विष पचवायला एकेक अळी काही शिकली नाही. ज्या मोजक्या अळ्यांना ते मुळातच लागत नव्हतं त्यांचीच पिलावळ वाढत गेली. इथवर पोरांना पटलं.

मग एकाने विचारलं, "मॅडम, बियाण्यासोबत नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं. बाबा ते फेकून देत. लावलं असतं तर अळ्या वाढल्याच असत्या ना?" मी पुस्तकी उत्तर दिलं, की तिथल्या साध्या पतंगांशी संकर होतो आणि प्रतिकार लांबतो. त्यावर तो म्हणाला, "संकर झाला तर प्रतिकार पिल्लांत जाईल. म्हणजे पसरेलच की!"

आता याला काय सांगू? शिवाय हिरवी (अमेरिकन) बोंडअळीही तेच बीटी खात होती, तिने एवढा उच्छाद का नाही मांडला?

कीटकनामा:
पोरगं हुशार आहे. प्रतिकार पिल्लांत जातो हे त्याचं खरंच आहे, फक्त ती पिल्लं जगतात का ते बघायचं राहिलं.

प्रत्येक अळीत जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. हिशेबापुरतं धरा की हजार प्रतींत एक प्रत प्रतिकाराची आहे. मग दोन्ही प्रती प्रतिकाराच्या असलेली अळी दहा लाखांत एक, आणि एकच प्रत असलेल्या हजारात जवळपास दोन. बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या पेशींवरच्या कॅढेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, पेशींना भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. प्रतिकारक अळीचं कॅढेरिन बिघडलेलं असतं, त्यामुळे विषाला धरायला जागाच मिळत नाही. पण एक प्रत जरी धड असली तरी चांगलं कॅढेरिन तयार होतं आणि विष बरोबर चिकटतं. म्हणून एका प्रतीची अळी मरते.

आता सगळं शिवार बीटीचं आहे असं समजा. त्यातून जगलेल्या मादीला नर मिळणार तोही बीटीतूनच जगलेला. दोघांकडे दोन-दोन प्रती, त्यामुळे सगळी पिल्लं प्रतिकारक. तेच शेजारी नॉन-बीटीच्या ओळी असतील तर तिथून शेकडो साधे पतंग उडतात आणि तिची गाठ बहुधा त्यातल्याच एकाशी पडते. पिल्लांना प्रतिकाराची एकच प्रत मिळते आणि बीटीच्या झाडावर ती मरतात. त्या चार ओळींतलं नुकसान मुद्दाम सोसायचं होतं ते याचसाठी.

फळ्यावर चौकट काढून दोन्ही संकर शेजारी-शेजारी मांडा, मेंडेलचा भागही त्यातच उरकेल.

वणीकर:
मॅडम, कागदावर सगळं बरोबर हाय. नियम होता २० टक्के क्षेत्र, नाहीतर भोवताली पाच ओळी, जे जास्त भरंल ते. ४५० ग्रॅमच्या पाकिटासंग १२० ग्रॅमचं रेफ्युजी, म्हंजे तेच नॉन-बीटीचं बियाणं. आमच्या गावात ते लावणारा मी तरी पाह्यला नाही. दोन-तीन एकरवाला माणूस अळीसाठी तासं (ओळी) सोडंल काहून? आन् ते बियाणं उगवत बी नव्हतं धड.

दुसरं म्हणजे फरदड. डिसेंबरात पराटी (कापसाचं झाड) उपटाची सोडून पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवतेत. अळीला जेवण मिळतेच मग. महिना-सव्वा महिन्यात एक पिढी धरली तर वाढीव किती झाल्या ते पोरायलाच मोजाले सांगा.

वर्गात दाखवाचं असंल तर डोमकळी आणा. पाकळ्या गुंडाळून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल असते, वरून सुताने शिवल्यावानी. हलक्या हाताने उकला, आत बारकी अळी भेटते.

निरुपद्रवी:
हिरव्या अळीबद्दल. ती तूर, हरभरा, टोमॅटो, ज्वारी, जे मिळेल ते खाते. ही पिकं बीटी नाहीत, म्हणजे कापसाच्या आजूबाजूला तिला फुकटात रेफ्युजी मिळालं. गुलाबी अळीचं जवळपास सगळं आयुष्य कापसावर जातं. भेंडीवर कधीमधी सापडते, पण तेवढ्याने भागत नाही.

अजून एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तिची चर्चा फार कमी होते. आपल्याकडे बीटी संकरित वाणांत आलं. झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे बोंडातल्या चार सरक्यांपैकी साधारण एकीत ते जनुक नसतं. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला काही दाणे विषारी, काही बिनविषारी, आणि विष कमी पडलं की एका प्रतीची अळीही वाचू शकते. वर कीटकनामा म्हणतात ती 'एका प्रतीची अळी मरते' ही अटच इथे ढिली पडते.

अमेरिकेत ॲरिझोनात शेतकऱ्यांनी १९९६ पासून रेफ्युजी खरोखर पाळलं. २००६ पासून त्याच्या जागी वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, आणि २०१८ मध्ये तिथल्या कापसातून ही अळी संपल्याचं जाहीर झालं.

शाळामास्तरीण:
फार उपयोग झाला, चौकटीवर उद्याचा तास घेते. अजून एक. बीटी पेरणं बंद केलं तर अळ्या परत पूर्वीसारख्या होतील का? हाही प्रश्न येणारच.

कीटकनामा:
प्रयोगशाळेत बीटीशिवाय वाढवलेल्या प्रतिकारक अळ्या साध्या अळ्यांपेक्षा थोड्या मागे पडलेल्या दिसल्या आहेत. त्यामुळे तत्त्वतः प्रमाण उतरू शकतं. पण त्याला बीटी नसलेला भरपूर कापूस आणि त्यावर जगणारे साधे पतंग दोन्ही लागतात, आणि आपल्याकडे जवळपास सगळा कापूस बीटीच आहे. मुलांना 'उतरू शकतं, पण आपोआप आणि लवकर नाही' एवढंच सांगा.

वणीकर:
आता रेफ्युजीचं वेगळं पाकीट शोधू नका मॅडम, नॉन-बीटी दाणे त्याच पिशवीत मिसळून येतेत. डोमकळी फुलं लागल्यावर भेटंल, सप्टेंबराच्या आसपास. जोड सरकी पाहाची असंल तर हंगामाच्या शेवटी या, दोन सरक्या चिकटवून त्याच्यात अळी झोपलेली असते. गठ्ठ्यातून वेचून ठेवतो, डबा मात्र झाकणाचा आणजा.