बेलिचिक आणि नॉर्थ कॅरोलायना: ४-८ नंतर दुसरा हंगाम द्यायचा का?

टारहीलकर

एनएफएल (व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीग) गाजवून आलेल्या बिल बेलिचिकचा चॅपल हिलमधला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा हेड कोच म्हणून पहिला हंगाम संपला. २०२५ मध्ये ४ विजय, ८ पराभव, आपल्या गटात, म्हणजे एसीसीमध्ये, २-६. पहिल्याच सामन्यात टीसीयू विद्यापीठाकडून १४-४८ (आधी आपले गुण). क्लेम्सनसमोर तर पहिला क्वार्टर संपला तेव्हाच ३-२८. आधीचा कोच मॅक ब्राउनला काढलं त्या वर्षीसुद्धा आपण ६-७ होतो, त्यामुळे 'हकालपट्टी करा'चा सूर लागणं स्वाभाविक आहे. माझं मत उलट आहे. दुसरा हंगाम पूर्ण द्यावा.

कारण तारखांमध्ये आहे. नेमणूक जाहीर झाली ११ डिसेंबर २०२४ ला. हायस्कूलच्या मुलांचं अर्ली सायनिंग (कॉलेजशी लवकर करार करण्याची मुदत) ४ डिसेंबरला सुरू होऊन उरकलं होतं, पोर्टल (एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणाऱ्या खेळाडूंची यादी) ९ तारखेला उघडलं होतं. म्हणजे हायस्कूलचा वर्ग दुसऱ्याने जमवलेला, आणि पोर्टलमधले चांगले लाइनमन (पुढच्या रांगेतले खेळाडू) इतर कोचेसशी आधीच बोलणी करत होते. मग पोर्टलच्या एप्रिलच्या खिडकीत (१६ ते २५) दुसरी भरती करावी लागली. दोन्ही मिळून सत्तरच्या आसपास नवे खेळाडू. त्यात ओमारियन हॅम्प्टन, ज्याने २०२४ मध्ये १,६६० यार्ड धावून काढले, तो एनएफएलच्या चार्जर्सकडे गेलेला.

सगळ्यात महाग पडला क्वार्टरबॅक (पास फेकणारा, ऑफेन्स म्हणजे आक्रमण चालवणारा). जिओ लोपेझ साउथ अलाबामातून एप्रिलमध्ये आला, म्हणजे स्प्रिंगचे (वसंतातले) १५ सराव होऊन गेल्यावर. सेंटरकडून चेंडू मागे घेण्याचा, म्हणजे स्नॅपचा ताल, प्रोटेक्शनची हाक (कोण कोणाला अडवणार), रिसीव्हर (पास झेलणारा) कुठे वळणार याचा अंदाज, हे सगळं त्या पंधरा सरावांत बसतं. त्याला ते ऑगस्टच्या कॅम्पमध्ये उरकावं लागलं.

आता एप्रिलची खिडकी बंद झाली आहे. २०२६ मध्ये २ ते १६ जानेवारी एवढीच होती. स्प्रिंगला जो संघ उतरेल तोच सप्टेंबरमध्ये खेळणार. ऑफेन्सचा कोच फ्रेडी किचन्सला काढून ऑफेन्स बॉबी पेट्रिनोकडे दिलाय. हा प्रयोग अर्धवट मोडायचा कशाला?

तिसरा_डाऊन

तारखा बरोबर, निष्कर्ष पटला नाही.

कर्ट सिग्नेटीला इंडियाना विद्यापीठाने हेड कोच म्हणून ३० नोव्हेंबर २०२३ ला घेतलं. बेलिचिकपेक्षा फार तर दहा-अकरा दिवस आधी. संघ ३-९ होता. पहिल्या वर्षी ११-२, दुसऱ्या वर्षी १६-० आणि राष्ट्रीय विजेतेपद. फरक कॅलेंडरचा नाही. सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून येताना स्वतःचे १३ खेळाडू घेऊन आला. त्यांना त्याची भाषा, सरावाचा वेग, चुकलं तर काय होतं, सगळं ठाऊक होतं. नव्या पोरांना शिकवायला कोच कमी पडला तरी शेजारी उभा असलेला सीनियर होता. बेलिचिककडे आणायला असे कॉलेजचे खेळाडूच नव्हते, कारण कॉलेजमध्ये त्याने कधी कोचिंग केलंच नव्हतं. सहा सुपर बोल ही प्रचंड कमाई आहे, पण त्यातून विशीतला एकही टॅकल (कडेचा लाइनमन) मिळत नाही.

दुसरं म्हणजे मैदानच वेगळं आहे. दोन्ही ठिकाणी रुंदी १६० फूट, पण कॉलेजमध्ये दोन हॅशमध्ये (चेंडू ज्या खुणांच्या आत ठेवतात त्या दोन ओळींमध्ये) ४० फूट अंतर, एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजमध्ये चेंडू डाव्या हॅशवर असला की उजवीकडे १०० फूट पसरलेले असतात, एनएफएलमध्ये ८९ च्या आसपास. सेफ्टीला (सर्वांत मागच्या बचावपटूला) साडेतीन यार्ड जास्त झाकायचे. शिवाय कॉलेजमध्ये पास सुटेपर्यंत लाइनमनला ३ यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये १. म्हणून इथे आरपीओ (रन की पास हे ऐनवेळी ठरवायची चाल) इतका चालतो: गार्ड (सेंटरशेजारचा लाइनमन) पुढे आलेला दिसतो, लाइनबॅकर (लाइनमागचा बचावपटू) रन समजून झेपावतो आणि चेंडू त्याच्या पाठीमागे पडतो. एनएफएलच्या सवयीने वाचणारा बचाव इथे अर्धं पाऊल चुकीच्या दिशेने टाकतो. टीसीयूने जमिनीवरून अडीचशेहून जास्त यार्ड काढले ते उगाच नाहीत.

टारहीलकर

हॅशचा मुद्दा मान्य. पण तो वर्षभर तसाच राहिला असं म्हणणं आकड्यांना धरून नाही. क्लेम्सननंतरचे निकाल बघा: कॅल १८-२१, व्हर्जिनिया १६-१७ (ओव्हरटाइम), सिराक्यूज २७-१०, स्टॅनफर्ड २०-१५. चार सामन्यांत एकदाही २१ च्या वर गुण दिले नाहीत. कॅलविरुद्ध शेवटच्या क्वार्टरमध्ये गोललाइनवर हातातून चेंडू सुटला. व्हर्जिनियाविरुद्ध ओव्हरटाइममध्ये दोन गुणांचा प्रयत्न थोडक्यात अडवला गेला. हे दोन खेळ इकडचे तिकडे झाले असते तर ६-६ आणि बोल गेम (हंगामानंतरचा सामना). बचाव शिकला. हरवलं ते ऑफेन्सने, आणि तोच विभाग बदललाय.

वुल्फपॅक_नागपूर

मी शेजारच्या प्रतिस्पर्धी एनसी स्टेटवाला, तेव्हा माझं म्हणणं त्या हिशोबाने घ्या. पण बचाव शिकला असेल तर शेवटचे तीन का गेले? वेक फॉरेस्ट १२-२८, ड्यूक २५-३२, आणि आमच्याकडून १९-४२. तिन्ही राज्यातल्याच शाळा (विद्यापीठं). या तीन निकालांची किंमत भरतीत मोजावी लागते, कारण शार्लट आणि रालेच्या हायस्कूलमधला मुलगा चारही शाळांची पत्रं शेजारी ठेवून बघतो.

इतिहासही बघा. 'एनएफएलची पद्धत कॉलेजात आणू' म्हणणारे आधीही आले. बिल कॅलाहन, नेब्रास्का २००४: पहिल्याच वर्षी ५-६, आणि १९६२ पासून एकही तोट्याचा हंगाम न पाहिलेल्या शाळेची परंपरा तुटली. चार्ली वाइस, नोत्र दाम: सुरुवात चांगली, तिसऱ्या वर्षी ३-९. लव्ही स्मिथ, इलिनॉय: पाच हंगामांत १७-३९. हर्म एडवर्ड्सला ॲरिझोना स्टेटने २०२२ च्या हंगामात तीनच सामन्यांनंतर काढलं. आता कोणीतरी निक सेबनचं नाव काढेल. तो एनएफएलच्या मायामी डॉल्फिन्समधून अलाबामा विद्यापीठात आला आणि पहिलं वर्ष ७-६ गेलं, खरं आहे. पण त्याआधी एलएसयूमध्ये २००३ चं विजेतेपद त्याच्या खात्यात होतं. त्याला रिक्रूटिंग शिकायचं नव्हतं.

अश्विनी_के

पीट कॅरलचं नाव राहिलं. त्याचा यूएससी विद्यापीठाचा संघ २००१ मध्ये ६-६, दोन वर्षांनी देशात अव्वल. तोही आधी एनएफएलमध्येच हेड कोच होता. मात्र तरुणपणी कॉलेजमध्ये असिस्टंट म्हणून त्याने बरीच वर्षं काढली होती, एवढं वुल्फपॅक यांच्या बाजूने धरता येईल.

पण काढायचं की ठेवायचं हे ठरवताना कोणी करार वाचलेला दिसत नाही. पाच वर्षं, वर्षाला १ कोटी डॉलर, त्यातली पहिली तीन हमीची. विनाकारण काढलं तर २०२६ आणि २०२७ चे मिळून सुमारे २ कोटी डॉलर द्यावे लागतील. शाळेने सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून थेट द्यायची २०२५-२६ ची मर्यादाच २ कोटी ५ लाख आहे. ही रक्कम त्या मर्यादेत मोजली जात नाही, पण देणगीदार तेच आहेत. ज्या खिशातून नवा लेफ्ट टॅकल यायचा त्याच खिशातून जुन्या कोचचा निरोप भरायचा. उलट बेलिचिकला स्वतःहून जायचं असेल तर १ जून २०२५ नंतर त्याला फक्त १० लाख भरावे लागतात. करार इतका एकतर्फी झालाय, याबद्दल खरा राग कोचवर नाही, सही करणाऱ्यांवर यायला हवा.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो सरावाचा वेळ. हंगामात एनसीएएची (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची) मर्यादा आठवड्याला २० तास, दिवसाला ४, एक दिवस सक्तीची सुट्टी. सामन्याचे ३ तास त्यातच धरतात. उरले १७. व्यायाम, मीटिंग, कोचसोबतची फिल्म, सराव, सगळं त्यात. एनएफएलमध्ये खेळाडूची ती पूर्णवेळ नोकरी असते. दर आठवड्याला प्रतिस्पर्ध्यानुसार नवा आराखडा ही बेलिचिकची ताकद त्याच वेळेवर उभी होती. १७ तासांत तेवढं घालायला गेलं की मुलगा स्नॅपच्या आधी विचार करत उभा राहतो. कॉलेजला थोडे कॉल आणि भरपूर पुनरावृत्ती लागते. माइक लोम्बार्डी जनरल मॅनेजर म्हणून 'एनएफएलचा ३३ वा संघ' म्हणत होते. घोषणा भरतीसाठी ठीक, पण मंगळवारच्या सरावाला ती लावू नये.

तिसरा_डाऊन

अश्विनी, १७ तासांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात नेमका. काढू नये हे पैशांमुळे मान्य करतो, गुणवत्तेमुळे नाही.

पेट्रिनोबद्दल सावध राहा. पासिंगची आखणी त्याला उत्तम जमते, पण त्याच्या पद्धतीत क्वार्टरबॅकला स्नॅपआधी प्रोटेक्शन बदलता यायला हवं आणि खोल रूट (रिसीव्हरची लांबची धाव) उघडेपर्यंत लाइनने टिकायला हवं. गार्ड-सेंटर-गार्ड ही तिघांची जोडणी स्प्रिंगच्या पहिल्या आठवड्यात ठरून तशीच राहिली नाही, तर पेट्रिनो असो की आणखी कोणी, तिसऱ्या डाऊनला (दहा यार्डांसाठीच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) सात यार्ड राहणारच.

वुल्फपॅक_नागपूर

आणि १०५ खेळाडूंच्या रोस्टर मर्यादेत पुन्हा अर्धा संघ बदलला तर तुमचा 'स्प्रिंगला एकत्र संघ' हा मुद्दाही कमजोर होतो. एकत्र असणं आणि एकमेकांना ओळखणं वेगळं.

टारहीलकर

म्हणूनच दुसऱ्या वर्षी थांबायचं म्हणतो. दर दोन वर्षांनी कोच बदलला की दर दोन वर्षांनी अर्धा संघ पोर्टलमध्ये जातो. १९८० नंतर आपण एसीसी जिंकलेली नाही; तेव्हा लॉरेन्स टेलर इथे खेळत होता. इतकी वर्षं थांबलो, आणखी एक हंगाम जड नाही.

२०२६ ची सलामी २९ ऑगस्टला डब्लिनमध्ये आहे, पुन्हा टीसीयूच. मी तीन गोष्टी बघणार: रुंद बाजूचा एज (कडेचा भाग) कोण धरतो, आरपीओवर लाइनबॅकर जागेवर थांबतो का, आणि तिसऱ्या डाऊनला दोन यार्ड हवे असताना पेट्रिनो रन मारतो का. तिन्हींत गेल्या वर्षीसारखंच दिसलं, तर तिसरा_डाऊन यांच्या बाजूला यायला मला सप्टेंबर लागणार नाही.

तिसरा_डाऊन

त्यात चौथी घाला: पहिला ड्राइव्ह (चेंडू आपल्याकडे असतानाचा एक सलग डाव) संपल्यावर काय होतं ते. गेल्या वर्षी टीसीयूविरुद्ध पहिला ड्राइव्ह थेट टचडाउनला गेला, कारण तो आधी लिहून पाठ केलेला होता. त्यानंतर त्यांनी सलग ४१ गुण केले. समोरच्याने बचाव बदलल्यावर आपला ऑफेन्स दुसऱ्या ड्राइव्हला काय उत्तर देतो, तिथे कोच दिसेल.