बोटीचं हॅच (डेकवरचं झाकण) खडखडतंय, स्क्रू धरत नाहीत

प्रश्न: गंगापूर धरणावरची फायबरची बोट. हॅचच्या बिजागरीचे स्क्रू नुसते फिरतात, पावसात गळतंही. जाडे स्क्रू मारू का?

उत्तर: नको. फायबरच्या आतलं प्लायवूड बहुतेक कुजलंय. भोक १० मिमी करा. काळा, ओला भुसा आला तर कोरून काढा, पूर्ण सुकू द्या. खालून टेप लावून घट्टसर इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) भरा. २४ तासांनी ४.२ मिमी ड्रिल, मग एम५ (५ मिमी स्क्रूचे) आटे पाडा. स्क्रू ३१६ स्टेनलेसचेच (पाण्यात सहसा न गंजणारं स्टील).

उत्तर: खालून हात पोचत असेल तर सरळ आरपार बोल्ट, मोठा वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा).

उत्तर: गळती वेगळी, दादा. झाकणात कागदाची पट्टी दाबून ओढा. सहज निसटेल तिथलं रबर चपटं झालंय. ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं रबर) पट्टी लावा, पट्टीचा जोड बिजागरीकडे. सिलिकॉन मात्र नको, नंतर त्यावर काहीच चिकटत नाही.