मूळ बँड सोडून भलतीकडंच! साईड प्रोजेक्ट आणि लाईव्ह रेकॉर्डिंग ऐकण्यात वेळ का घालवायचा?

रंकाळ्याचा_फझ (धागा सुरू करणारा)

काल रात्री कोल्हापुरात गंगावेशीत दुधाचा ग्लास हातात असताना सुरू झालेलं भांडण घरी आलो तरी मिटेना, म्हणून इथं मांडतोय. शिव्या घालायच्या तर घाला, पण कारण देऊन घाला.

रॉकवाल्यांचे साईड प्रोजेक्ट म्हणजे घरचं लग्न टाकून शेजारच्या बारशात वाढपी व्हायचं. रेडिओहेड या बँडचा 'अ मून शेप्ड पूल' आला मे २०१६ मध्ये. त्यानंतर नवा अल्बम नाही. पण त्यातल्याच थॉम यॉर्क आणि जॉनी ग्रीनवुड या दोघांनी टॉम स्किनर नावाचा ड्रमर धरून 'द स्माईल' काढला आणि २०२२ ते २०२४ एवढ्यात तीन अल्बम दिले. तीन! म्हणजे सुचत नव्हतं असं नाही, घरी द्यायचं नव्हतं. टूल बँडचं तेच. २००६ च्या अल्बमनंतर थेट २०१९. तेरा वर्षं पंखे ताटकळत, आणि गायक मेनार्ड कीनन तिकडं 'पुसिफर' नावाचा दुसरा बँड चालवतोय, द्राक्षं लावतोय, वाईन काढतोय.

लाईव्हचं तर बोलूच नका. पर्ल जॅमनं २००० सालच्या दौऱ्यातले ७२ कार्यक्रम सीडीवर विकले. तीच ती गाणी बहात्तर वेळा कोण ऐकतं? आणि लाईव्ह म्हणून दिलेलं लाईव्ह असेलच याचाही भरवसा नाही. थिन लिझीच्या १९७८ च्या गाजलेल्या लाईव्ह अल्बमबद्दल खुद्द निर्माता टोनी व्हिस्कोंटी म्हणाला होता की त्यातलं पाऊण स्टुडिओत परत वाजवलंय. बँडनं ते मानलं नाही, ते सोडा.

माझा नियम ठरलाय. मुख्य बँड, स्टुडिओ अल्बम. बाकी सगळं भक्तांसाठी.

तिसरी_गल्ली

भावा, टूलची तेरा वर्षं पुसिफरच्या नावावर टाकू नको. २००७ मध्ये ओळखीतल्याच एकानं चित्रांच्या श्रेयावरून त्यांच्यावर दावा लावला. मग विमा कंपनी उलटली आणि तिनं यांच्यावरच दावा ठोकला. ते झेंगट मिटायला २०१५ उजाडलं. आपल्याकडं बांधाच्या केसपायी माणसं पेरणी विसरतात, हे तर गिटार वाजवणारे.

पैलवान_ओव्हरड्राइव्ह

तालमीत सगळेच भारी दिसतात. खासबागच्या कुस्ती मैदानात उतरल्यावर कळतं कोण किती पाण्यात हाय ते. लाईव्ह ऐकायचं ते त्यासाठी.

जुनी_कॅसेट

फझराव, तुमचं वय किती मला ठाऊक नाही, पण आम्ही ही गाणी कॅसेटवर उतरवून घेऊन ऐकली. त्यामुळं क्रम नीट लक्षात आहे, तो सांगतो.

मार्च १९९० मध्ये 'मदर लव्ह बोन'चा गायक अँड्र्यू वूड गेला. एके काळी त्याच्यासोबत एकाच घरात राहिलेला साउंडगार्डनचा ख्रिस कॉर्नेल. त्यानं मित्रासाठी गाणी लिहिली आणि वूडच्या बँडमधले उरलेले दोघे, स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट, यांना हाक मारली. त्याचं झालं 'टेम्पल ऑफ द डॉग'. सॅन डिएगोहून नवाच आलेला एक लाजाळू पोरगा तालमीला बसलेला असायचा. एका गाण्यात खालच्या सुरांना कॉर्नेल अडखळत होता, तेव्हा हा उठून माईकपाशी गेला आणि गायला. तो एडी व्हेडर. हा अल्बम एप्रिल १९९१ चा, आणि गोसार्ड, अमेंट, व्हेडर या तिघांच्या पर्ल जॅमचा पहिला अल्बम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. तुमचा तो 'मुख्य बँड' लोकांनी ऐकायच्या आधीच साईड प्रोजेक्ट दुकानात आला होता! घर कुठलं आणि शेजार कुठला, हे नंतर आपण ठरवलं.

रंकाळ्याचा_फझ

काका, तुमचा मुद्दा मान्य, पण ते दुखवट्याचं काम. दुखवट्याला कोण नाही म्हणतो? अपवादावर नियम बांधू नका.

जुनी_कॅसेट

बरं, मग दुखवटा नसलेला घ्या. १९९२. निर्वाणा जगात सगळ्यात गाजत असताना त्यांचा ड्रमर डेव्ह ग्रोल 'लेट!' असं भलतंच नाव लावून एक कॅसेट काढतो. गाणारा तोच, वाजवणाराही तोच. त्यातलं एक गाणं पुढं निर्वाणाच्याच सिंगलच्या मागच्या बाजूला आलं. ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याच्या पुढच्या बँडचा, फू फायटर्सचा, पहिला अल्बम त्यानं आठवडाभरात जवळजवळ एकट्यानं उरकला. ती हातोटी ड्रमच्या मागं बसून आली नव्हती.

मिक्सरवाली

मी गॅदरिंग आणि कॉलेजच्या कार्यक्रमांना साउंड बघते. लाईव्हबद्दल दोन्ही बाजू जरा हवेत बोलताय.

लहान हॉलमध्ये गिटारचा अ‍ॅम्प स्टेजवरूनच कानठळ्या बसवत असतो. म्हणून मिक्सरवर मी गिटार जवळजवळ बंदच ठेवते, फक्त गाणाऱ्याला वर काढते. हॉलमध्ये सगळं बरोबर ऐकू येतं. मग कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येतो, "ताई, बोर्डावरून रेकॉर्डिंग द्या की." घरी जाऊन ऐकतो तर नुसता गळा आणि ड्रमची टकटक, गिटार गायब! मग फोन येतो की ताईंनी वाट लावली. चांगलं लाईव्ह रेकॉर्डिंग म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर, हॉलचे माईक वेगळे, आणि नंतर शांतपणे बसून मिक्स. त्यामुळं नंतर हात लावला म्हणजे फसवणूक, असं नसतं. नंतर नव्यानं वाजवलं तर मात्र फसवणूक.

आता निर्वाणाचं 'अनप्लग्ड' घ्या. १८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क. नाव अनप्लग्ड, पण त्यांचा गायक कोबेननं गिटार अ‍ॅम्प आणि इफेक्ट पेडलमधूनच काढली, अ‍ॅम्पवर खोटं खोकं घालून तो मॉनिटर (वाजवणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) असल्यासारखा लपवला. चौदा गाण्यांतली सहा दुसऱ्यांची, तीन तर मीट पपेट्सची, आणि त्या बँडचे दोघे भाऊ स्टेजवर सोबतीला. हे कुठल्या स्टुडिओ अल्बमात मिळणार, सांगा.

रंकाळ्याचा_फझ

ताई, अनप्लग्ड मी पण ऐकतो. नियमात एक फट ठेवतो.

पैलवान_ओव्हरड्राइव्ह

फट न्हाई, भगदाड पडलंय.

देवल_क्लबचा_शेवटचा_बाक

मला रॉकमधलं फार कळत नाही, मुलगा ऐकतो म्हणून कानावर पडतं. पण 'बहात्तर वेळा कोण ऐकतं' हे वाचून राहवलं नाही.

ज्या गावात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी गायले, त्या गावात बसून तुम्ही हे लिहिताय. खाँसाहेबांचं गाणं ध्वनिमुद्रित झालंच नाही. एक बैठक नाही, एक तान नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांची. बैठकीत तास-तास चालणारं गाणं तबकडीत तेवढंच मावायचं. खाँसाहेबांच्या बहात्तर बैठका कुणी टेपवर धरल्या असत्या, तर मी पेन्शन त्यात घातली असती. नको असलेल्या एकाहत्तर तुम्ही ऐकू नका, पण ठेवणाऱ्याला हसू नका.

रंकाळ्याचा_फझ

काका, तुमच्यापुढं बोलायची माझी लायकी नाही, पण राग दर वेळी नवा उभा राहतो. रॉकचं गाणं ठरलेलं असतं. तीच रिफ (गिटारची परत परत येणारी ओळ), तोच सोलो.

तिसरी_गल्ली

पर्ल जॅम दर रात्री गाण्यांची यादी बदलतं, लेका. आणि त्या सीडी काढल्या कशासाठी? चोरून रेकॉर्ड केलेली रद्दी लोक महागात घेत होते म्हणून. पहिल्या खेपेतल्या पाच सीडी एकाच आठवड्यात बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत होत्या. एवढे भक्त?

जुनी_कॅसेट

साईड प्रोजेक्टवर एवढं झालं आणि 'जुनून' या अल्बमचं नाव कुणीच घेतलं नाही? रेडिओहेडचा ग्रीनवुड जोधपूरला मेहरानगड किल्ल्यात येऊन बसला. संगीत शाय बेन त्झूर याचं, सोबत 'राजस्थान एक्स्प्रेस' म्हणून कव्वाल, मांगणियार लोकगायक आणि ब्रास बँडवाले. पॉल थॉमस अँडरसननं त्यावर केलेल्या माहितीपटात मधेच खोलीत कबुतर शिरतं, ते हाकलण्यात सगळे गुंतलेले दिसतात. एवढा मोठा गिटारवाला, पण बराच वेळ मागच्या रांगेत. ऐकताना मला सारखं वाटत होतं, असं कुणी हलगी-घुमकं आणि कैताळासोबत बसलं तर काय जाळ निघेल!

रंकाळ्याचा_फझ

जुनून भारी आहे, नाकारत नाही. पण तो वेळ रेडिओहेडचा होता.

मिक्सरवाली

जुनून नोव्हेंबर २०१५. तुझा लाडका 'मून शेप्ड पूल' मे २०१६. मधे सहा महिने. काय चोरलं रे त्यानं?

चार_तारा

मी कालच्या गंगावेशीतल्या भांडणातला दुसरा माणूस. आता सगळ्यांना खरं सांगतो. हा रेडिओहेडबद्दल बोलतच नाही, माझ्याबद्दल बोलतोय. मी त्याच्या बँडमध्ये बेस वाजवतो, आणि गेली दोन वर्षं लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात पण वाजवतो. तिथं एका रात्रीत चाळीस गाणी, नोटेशन नाही, गाणाऱ्याचा स्केल ऐनवेळी बदलतो. माझा हात तिथं सुटला. याच्याकडं सहा महिने एकाच गाण्याचा इंट्रो चाललाय.

पैलवान_ओव्हरड्राइव्ह

आरारारा.

रंकाळ्याचा_फझ

इंट्रो पूर्ण झाला असता, बेसिस्ट जाग्यावर असता तर. सलग तीन रविवार तू आला नाहीस. मी आणि ड्रमर, दोघंच. मेट्रोनोमसुद्धा कंटाळला.

चार_तारा

ते तीन रविवार चुकले, कबूल. पण हात सुटला तो तुझ्याच गाण्याला उपयोगी पडतोय का नाही, एवढं सांग.

रंकाळ्याचा_फझ

पडतोय. दुसऱ्या कडव्यातली तुझी ती उतरती लाईन ऑर्केस्ट्रातलीच आहे, मला कळलंय.

चार_तारा

रविवारी दहाला येतो. अ‍ॅम्प तुझा वापरू, माझा इचलकरंजीच्या मांडवात राहिलाय.

रंकाळ्याचा_फझ

ये. पण फोनवर रेकॉर्डिंग कुणी करायचं नाही.

मिक्सरवाली

मी दोन माईक घेऊन येत्येय.