गिटार खरखरते, घरघरते की गुणगुणते?

परळकर
मुलीसाठी साडेसहा हजारांची इलेक्ट्रिक गिटार घेतली. अ‍ॅम्पला जोडली की कोणी हात न लावताही एक जाड आवाज सुरू होतो आणि चालूच राहतो. मी दुरुस्तीवाल्याला निरोप धाडला, "गिटार फार खरखरते, बघून द्या." त्याने तिन्ही बटणं उघडली, आत फवारा मारून साफ केली आणि चारशे रुपये घेतले. घरी आणून लावली तर आवाज जसाच्या तसा. पुन्हा घेऊन गेलो. त्याने माझ्यासमोर अ‍ॅम्पला जोडून ऐकली आणि म्हणाला, "साहेब, खरखर बटण फिरवताना येते. हे हमिंग आहे. तेव्हाच नीट सांगितलं असतंत तर मी बटणं उघडलीच नसती."

म्हणजे चारशे रुपये एका शब्दापायी गेले. आमच्या वाचनालयात रविवारी गिटारचा वर्ग भरतो, तिथल्या मुलांसाठी मी आता एक पानी पत्रक करतोय: कोणता आवाज आला तर काय तपासायचं. इंग्रजीत बझ, हम आणि क्रॅकल असे तीन वेगळे शब्द आहेत. क्रॅकलला खरखर लिहिलं. हमला घरघर लिहिलं, तर वाचनालयाचे एक ज्येष्ठ सभासद रागावले. म्हणाले, घरघर माणसाला शेवटच्या घटकेला लागते, मुलांच्या कागदावर हा शब्द नको. मग हमला म्हणायचं काय?

अभ्यस्त
तुमच्या कारागिराचा कान पक्का आहे. आवाजाच्या मराठी शब्दांना एक शिस्त आहे, ती शाळेत कोणी शिकवत नाही. पहिलं व्यंजन कठोर असलं की आवाज कोरडा, तुटक, वरच्या पट्टीतला. मृदू असलं की तो जाड, खालचा, सलग. वीज पडते तेव्हा कडकडाट, ढगांचा मात्र गडगडाट. माणूस कुरकुरतो, कुत्रं गुरगुरतं. देवघरातली घंटा किणकिणते, देवळातली घणघणते. लाह्या तडतडतात, छाती धडधडते.

खरखर आणि घरघर ही त्याच साच्यातली जोडी. बटणाच्या आत धूळ बसली की फिरवताना संपर्क तुटतो-जुळतो, म्हणून कोरडा, तुटक आवाज: खरखर. तुमचा हम सलग आणि जाड आहे, त्याला घ-च हवा. तुम्ही बरोबर लिहिलं होतंत.

माजघर
अभ्यस्त यांना अनुमोदन. आणि परळकर, त्या सभासदांना सांगा की घरघर आधी जात्याची. पहाटे आई दळायला बसायची तेव्हा रिकामं जातं पहिल्या एक-दोन फेऱ्यांना खडखडायचं. तिने मूठभर दाणे घातले आणि ते दोन्ही दगडांमध्ये पसरले की खडखड थांबून घरघर सुरू व्हायची. दाणे संपत आले की पुन्हा खडखड. आम्ही पांघरुणात पडल्या पडल्या ओळखायचो, आता आई दुसरी मूठ घालणार. ओवी त्या घरघरीवरच चालायची. या शब्दात मरण नाही, पीठ आहे.

मरणाची घरघर "लागते", जात्याची "चालते". क्रियापद बदललं की शब्द बदलतो. "गिटारला घरघर लागली" असं लिहू नका, "गिटारमधून घरघर येते" असं लिहा. मग कोणी रागावणार नाही.

लॅमिंग्टन
मी अ‍ॅम्प उघडणारा माणूस, शब्दांतलं मला फार कळत नाही. पण पत्रक मुलांसाठी आहे म्हणून लिहितो. शब्द ठरेपर्यंत एवढं करा.

अ‍ॅम्पचा आवाज वाढवून तळहात सगळ्या तारांवर ठेवा. हम कमी झाला तर तारांची अर्थची, म्हणजे जमिनीशी असलेली, जोडणी शाबूत आहे आणि गिटारला बाहेरच्या विजेचा त्रास अडवणारा आतला आडोसा नाही. पिकगार्ड, म्हणजे वरची प्लास्टिकची पट्टी, काढून आतल्या खोबणीत तांब्याची चिकटपट्टी लावा आणि ती पट्टी अर्थला जोडा. हात ठेवल्यावर हम वाढला, तर घोडीकडे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिकडे, जाणारी वायर सुटलेली आहे. स्वस्त गिटारमध्ये ती वायर बरेचदा नुसती दाबून बसवलेली असते, डाग दिलेलाच नसतो. दहा मिनिटांचं काम.

मग गिटार गळ्यात अडकवून जागच्या जागी गोल फिरा. एका दिशेला हम अगदी बारीक होईल. तारांचा कंप पकडणारा एकेरी पिकअप म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे, भिंतीतल्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र तो पकडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हमही ५० चा आणि त्याच्या पटीतला. अमेरिकेत तो ६० चा येतो. यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन उलट गुंडाळ्या शेजारी बसवायचा तोडगा काढला आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तोच हमबकर. हम दोन्ही गुंडाळ्यांत सारखाच शिरतो आणि उलट जोडणीमुळे आपसात कटतो, तारेचा सूर मात्र टिकतो.

पंख्याचा रेग्युलेटरही बंद करून बघा. इलेक्ट्रॉनिक असेल तर तो विजेची लाट कापून वेग कमी करतो आणि त्या कापाचा आवाज पिकअपमध्ये येतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या चाळींत तीन पिनांचं सॉकेट असतं पण पुष्कळदा मागे अर्थची तारच नसते. आधी इलेक्ट्रिशियनकडून ती तपासून घ्या. हम जावा म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची मोठी पिन कापणारे मी पाहिलेत. असं कधीच करू नका. अ‍ॅम्पमध्ये काही बिघडलं तर ती वीज तारांमधून थेट मुलीच्या बोटांत येईल.

परळकर
लॅमिंग्टन, मनापासून आभार. तारांवर हात ठेवल्यावर हम कमी होतो. पंखा दोनवर असला की आवाज चिरका होतो, पाचवर नेला की पुष्कळ उतरतो. आता इथेही दोन आवाज निघाले! पंख्याचा चिरका आणि भिंतीतला जाड. दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

स्वभाषा
मला या चर्चेत वाईट एका गोष्टीचं वाटतं. हम, हमिंग, अर्थ, अर्थिंग, सगळे सरळ उचललेले शब्द. शाळेच्या पुस्तकात भूसंपर्कन आहे, तो का नको? हमला "गुंजदोष", बझला "घर्षणनाद", क्रॅकलला "संपर्कदोष" असं का लिहू नये? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हाही फारसी शब्द लोकांच्या तोंडी बसलेलेच होते. सावरकरांचा "महापौर" आणि "दिनांक" पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनाही अवघड वाटले असतील. आज मुंबईत मेयर कोण म्हणतं? मुलांच्या पत्रकापासूनच सुरुवात व्हायला हवी.

अभ्यस्त
स्वभाषा, तुमची तळमळ खरी आहे, पण उदाहरण इथे लागू पडत नाही. महापौर हे पद आहे, ते पाट्यांवर आणि बातम्यांत रोज छापून आलं म्हणून रुजलं. गिटारचा आवाज ऐकून सांगायचा असतो. "संपर्कदोष" ऐकून आवाज कानात येत नाही, "खरखर" म्हटलं की येतो. शिवाय तुमच्या तिन्ही शब्दांत रोगाचं निदान आधीच करून टाकलंय. परळकरांना निदान माहीत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. त्यांना लक्षणाचा शब्द हवा. आणि खरखर, घरघर हे शब्द परके कुठे आहेत?

स्वभाषा
खरखर परकी नाही, मान्य. पण "अर्थ" लिहिलंत तर मुलं "मीनिंग" समजतील. भूसंपर्कनावर मी ठाम आहे.

लॅमिंग्टन
आमच्या रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, तरी गिऱ्हाईक लॅमिंग्टन रोडच विचारत येतं. भूसंपर्कन मागितलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. अर्थिंगची वायर मागा, हिरवी, लगेच मिळेल.

खुंटी
बझकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय म्हणून लिहितो. मी सतार वाजवतो, आमचं घराणं मूळ मिरजेचं. तुमचे फ्रेट, दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे आमचे पडदे. गिटारची तार फार खाली असली किंवा दांडी मागे वाकली की कंप पावणारी तार पुढच्या पडद्याला लागते. आम्ही याला खरखरही म्हणत नाही, घरघरही नाही. "तार पडद्याला लागते" एवढंच म्हणतो आणि समोरच्याला कळतं. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, दांडी हलते आणि मे महिन्यात बिनतक्रार वाजणारं वाद्य जुलैत लागायला लागतं. तुमच्या गिटारच्या दांडीत लोखंडी सळी असते, ती एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त फिरवू नये.

ओळखायची खूण सोपी: अ‍ॅम्प बंद करून वाजवा. तरीही आवाज आला तर दोष तारेत, दांडीत किंवा पडद्यात. नाही आला तर विजेत.

सुतळी
खुंटी, मग बझला सरळ "जवारी" म्हणू या की! तंबोऱ्याच्या घोडीवरही तार घासूनच तो झंकार येतो ना?

खुंटी
नाही. जवारी हा दोष नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कारागीर कानसेने इतका हलका उतार देऊन घासतो की तार सुटताना त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि उठते. तेवढ्याने एका तारेतून वरचे सगळे स्वर उमलतात. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत ती जागा शोधायची. केसभर इकडे तिकडे झालं तरी सूर मिटतो. माझे वडील जवारी काढताना घरात कोणाला बोलू देत नसत, अगदी वाटीसुद्धा वाजू देत नसत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या हातांमुळे. साडेसहा हजारांच्या गिटारची तार चुकून पडद्याला लागली तर तिला जवारी म्हणायचं? मला हे सहन होणार नाही.

सुतळी
तुमचा अनादर करायचा नव्हता, दादा. पण तार पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा टेकते, ही क्रिया दोन्हीकडे एकच. दूध मुद्दाम विरजलं तर दही, आपोआप फाटलं तर नासलं. बदल दोन्हीकडे आंबटपणानेच होतो. म्हणून "चुकीची जवारी" किंवा "नको ती जवारी" चालावं असं मला वाटतं.

माजघर
सुतळी, तुमच्याच उदाहरणात दह्याला आणि नासलेल्याला दोन शब्द आहेत. भाषेनेच वेगळं ठेवलंय.

सुतळी
हे मात्र पटलं. जवारी शब्द आला कुठून? मला तो "जव"पासून वाटतो, जवाच्या दाण्याएवढी फट.

खुंटी
जवाएवढी फट ठेवलीत तर जवारी बोलणारच नाही. आमच्याकडे जवाहिराशी नातं सांगतात, सुराला पैलू पाडणं म्हणून. दक्षिणेत त्या दोऱ्याला जीव म्हणतात, मला स्वतःला ते जास्त जवळचं वाटतं.

मालाडची लाट
खरखर म्हटलं की मला आजोबांचा रेडिओच आठवतो. सिलोन लावताना सुई केसाएवढी हलवायची आणि खरखरीतून गाणं वर यायचं. आमच्याकडे आकाशवाणीचं प्रक्षेपण केंद्र आहे. भावाने एकदा गिटारची स्वस्त केबल लावली आणि अ‍ॅम्पमधून बारीक आवाजात अस्मिता वाहिनी ऐकू यायला लागली! केबल बदलल्यावर गेली. याला कोणता शब्द?

लॅमिंग्टन
केबलचा आडोसा तुटला की ती अँटेना होते आणि एखादा गंजका जोड लहरींतून आवाज सोडवतो. शब्द मला माहीत नाही. पण पत्रकात "केबल बदलून बघा" ही पहिली ओळ ठेवा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

स्वभाषा
लॅमिंग्टन, तुम्ही वर "डाग दिलेला नसतो" लिहिलंत. सोल्डरिंगला आमच्याकडे "डाख देणे" म्हणतात. डाग कपड्याला पडतो.

लॅमिंग्टन
माझे आजोबा सोनार होते. ते डागच म्हणायचे. मीही तेच म्हणतो.

माजघर
आमच्या गावी तांब्याच्या भांड्याला "डाक लावून आण" म्हणत. तिसरा घ्या.

अभ्यस्त
डाक, डाख, डाग: इथेही क-ख-ग बदललेच! यावर वेगळा धागा हवा.

परळकर
काम झालं ते सांगतो. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग बघितलं, सॉकेटमागे तार खरंच नव्हती. ती ओढून घेतली. रविवारी वर्गातल्या एका दादाच्या मदतीने आत तांब्याची पट्टी लावली. चिरका आवाज जवळजवळ गेला, जाड उरलाय, पण बारीक. मुलीने एक गोष्ट दाखवली: सगळ्यात जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबून वाजवली की अ‍ॅम्पमधला तो सूर तिच्या किंचित वर लागतो.

खुंटी
मुलीला शाबासकी सांगा. तो स्वर ९८ हर्ट्झचा, आणि तुमच्या विजेची दुप्पट १००. तेवढा फरक तिला ऐकू आला म्हणजे कान तयार आहे.

परळकर
नक्की सांगतो. खूप आनंद होईल तिला. बरं, पत्रकात अजून हमपुढची जागा रिकामी आहे. घरघर, गुणगुण, घूं असे तिन्ही लिहून मुलीला दाखवले. ती म्हणाली, "बाबा, आम्ही वर्गात म्हणतो पंप लागलाय." आमच्या चाळीत पहाटे साडेपाचला पाण्याचा पंप सुरू होतो, भिंतीला कान लावला की अगदी हाच आवाज.

माजघर
"पंप लागलाय" की "पंप चालू झालाय"? आमच्या गिरगावात पंप लागत नाही, सोडतात.

सुतळी
सोडतात ते पाणी. पंप लावतातच.